करवतचं अ‍ॅव्हरेज

आमच्या धुलाईखान्यात चार गाड्या होत्या आणि चार ड्रायव्हर. तिघांशी माझं बोलणं व्हायचं, चौथ्याशी फक्त वाद. त्याला सगळे करवत म्हणत, कारण तो येताना एकाला कापायचा आणि जाताना दुसऱ्याला. "काय, बरं आहे ना?" असं विचारलं तर "का, तुमच्याकडे काही वेगळी बातमी आलीय?" असं विचारणारा माणूस. एकोणीस वर्षं तो तीन नंबरची गाडी चालवत होता आणि त्या एकोणीस वर्षांत त्याने ऑफिसच्या खिडकीशी उभं राहून एकही वाक्य गोड बोललेलं मला आठवत नाही.

काम तसं सरळ होतं. दवाखान्यांच्या चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे झगे. धुतलेले गठ्ठे पोचवायचे, मळके आणायचे. मळके गठ्ठे मागच्या हॉलमध्ये एका लांब टेबलावर उघडले जात. त्याला सगळे नुसतं 'टेबल' म्हणत. रक्ताचं वेगळं, औषधाचं वेगळं, फाटकं वेगळं, अशी छाटणी तिथे व्हायची. शेजारी बॉयलर, त्यामुळे भिंतींना बारा महिने घाम.

करवत पहिली चार वर्षं त्या टेबलावर होता. एकदा चादरीत राहिलेली सुई त्याच्या तळहातात शिरली. सहा महिने रक्ताच्या तपासण्या चालल्या. शेवटी काही निघालं नाही, पण ते सहा महिने त्याची बायको मुलीला घेऊन बहिणीकडे राहिली. बहिणीचा नवरा, म्हणजे करवतचा साडू, आमच्याकडेच एक नंबरची गाडी चालवायचा. तो कामावर चारचौघांत म्हणाला होता, "तपासण्या संपेपर्यंत त्या दोघी माझ्याकडे. पुढचं पुढे." करवतने तेव्हाच ड्रायव्हिंग शिकून लायसन्स काढलं आणि गाडीची जागा रिकामी होताच मागून घेतली. टेबलाच्या हॉलमध्ये तो पुन्हा पाय ठेवायचा नाही. गठ्ठे दारातूनच आत ढकलायचा.

त्या वर्षी पेट्रोल सात महिन्यांत पाच वेळा वाढलं. मालक तरुण, नुकतेच वडिलांच्या जागी आलेले. मला काका म्हणत, पण काकाला सांगावं तसं सांगत नसत. म्हणाले, "काका, तुम्ही कॉमर्स शिकलात, इतकी वर्षं काढलीत. ही माणसं पेट्रोल पितात की काय ते बघा. काहीतरी नियम करा, आणि असा करा की वाद नको."

मी आठवडाभर ड्रायव्हरांच्या सवयी पाहिल्या. दोन नंबरवाला सिग्नलला उगाच अ‍ॅक्सिलरेटर दाबत बसायचा. चार नंबरवाल्याचा पाय सदा क्लचवर. साडूला हायवेवर लोकांना मागे टाकायची हौस. आणि करवत दवाखान्यांच्या मागच्या फाटकावर इंजिन चालू ठेवून उभा राहायचा, कधी दहा मिनिटं, कधी वीस. मी विचारलं तर म्हणाला, "बंद केली की स्टार्ट व्हायला धक्का लागतो. तुम्ही येता का मारायला?" स्टार्टरची तक्रार त्याने तीनदा लिहून दिली होती, हेही खरं.

मी नियम लिहिला आणि हजेरीच्या घड्याळाखाली लावला: 'दरमहा प्रत्येक गाडीचे अ‍ॅव्हरेज काढले जाईल. सलग तीन महिने ज्याचे अ‍ॅव्हरेज चारही गाड्यांच्या सरासरीपेक्षा कमी भरेल त्याच्याकडून गाडी काढून घेऊन त्याला छाटणी विभागात पाठवले जाईल.' खाली माझी सही.

छाटणी विभाग लिहिताना मला करवतचा तळहात आठवला नाही, असं मी म्हणणार नाही. आठवला होता. मी ओळ बदलली नाही.

चौघं नोटीस वाचत उभे राहिले. ड्रायव्हर लोकांत अ‍ॅव्हरेज म्हणजे एका लिटरला गाडी किती किलोमीटर जाते तो आकडा, सरासरीशी त्याचा काही संबंध नसतो. त्यामुळे दोन नंबरवाला गोंधळला.

"अ‍ॅव्हरेजची सरासरी म्हणजे अ‍ॅव्हरेजचं अ‍ॅव्हरेज. म्हणजे दुधाचं दूध?"

करवत खिडकीशी आला. "आकडा सांगा. किती दिलं म्हणजे सुटलो?"

"ते महिनाअखेर कळेल. चौघांचं मिळून निघेल."

"म्हणजे पेपर आधी, आणि पास किती मार्कांना ते नंतर."

"तुम्ही नीट चालवा, म्हणजे प्रश्नच येणार नाही."

"माझा रूट कोणी बघितलाय? सहा दवाखाने, सगळे जुन्या भागात, चढावर. साडूचे दोन, तेही हायवेला. चार वळणं घेतली की त्याची ड्युटी संपते. बीकॉमला चढ शिकवत नाहीत का?"

"नियम सगळ्यांना सारखा आहे."

"तेच म्हणतोय. रस्ता सारखा नाही."

पहिल्या महिन्याचे आकडे असे आले: साडू अकरा पूर्णांक नऊ, दोन नंबर दहा पूर्णांक चार, चार नंबर दहा पूर्णांक सहा, करवत सात पूर्णांक नऊ. सरासरी दहा पूर्णांक दोन. खाली एकटा करवत.

टेबलावरच्या बायकांना ते दुपारपर्यंत कळलं. या बायकांना त्याने एकोणीस वर्षं दारात उभं राहून ऐकवलं होतं. त्यांची मुकादम धिप्पाड, आवाजाने त्याहून धिप्पाड. गठ्ठा आत घेताना ती म्हणाली, "एक जागा पुसून ठेवलीय हो. भिंतीकडची. तुम्हाला वारा सोसत नाही ना?"

"त्या जागेवर तूच बस," करवत म्हणाला. "तुला दोन लागतात."

दुसऱ्या महिन्यात त्याने जे केलं ते पाहून मला राग आला, कारण त्यात बोट ठेवायला जागा नव्हती. स्वतःच्या खर्चाने स्टार्टर दुरुस्त करून घेतला. मागची रिकामी लोखंडी मांडणी उतरवून ठेवली, वजन नको म्हणून. रोज सकाळी टायरची हवा तपासली. फाटकावर इंजिन बंद. उतारावर गिअर काढून गाडी नुसती सोडायचा, ब्रेक तेवढा सांभाळायचा. हे धोक्याचं आहे असं मी लेखी कळवलं. त्याने माझ्या चिठ्ठीच्या मागे लिहून पाठवलं: 'टेबल जास्त धोक्याचं.'

पण बाकीचेही गप्प बसले नव्हते. कोणालाच खाली यायचं नव्हतं. एकाने पेट्रोलच्या टाकीला कुलूप लावलं, म्हणून दुसऱ्याने लावलं. चार नंबरच्या टायरमधली हवा एका सकाळी निम्मी निघाली, तेव्हा सगळ्यांनी करवतकडे पाहिलं आणि करवतने साडूकडे. पूर्वी चौघं गाड्यांच्या सावलीत एकत्र चहा प्यायचे. आता चार कप चार बॉनेटवर.

महिना संपला. करवतचं अ‍ॅव्हरेज सात पूर्णांक नऊवरून आठ पूर्णांक आठ झालं. दुसऱ्या कोणी एवढी सुधारणा केली असती तर मी शाबासकी दिली असती. पण साडू बारा पूर्णांक सहावर गेला, बाकीचे दोघं अकरा पूर्णांक एकवर. सरासरी दहा पूर्णांक नऊ. खाली पुन्हा एकटा करवत.

तो कागद पाहून म्हणाला, "मी एक पायरी चढलो आणि तुम्ही जिना उचललात."

"मी काही उचललं नाही. बाकीच्यांनीही मेहनत केली."

"चौघांनी विमानाचं अ‍ॅव्हरेज दिलं, तरी एक जण खाली राहणारच. तुमचं गणित कोणाला तरी खाल्ल्याशिवाय ताटावरून उठत नाही. हे लिहितानाच कळलं होतं, की आत्ता माझ्याकडून कळतंय?"

मला ते आत्ताच कळत होतं. मी म्हटलं, "एक महिना आहे अजून."

त्या संध्याकाळी तो गेटवर साडूला गाठून बोलला. मी हजेरीची वही आवरत होतो, त्यामुळे ऐकू आलं.

"एक आठवडा रूट बदल. तू चढावर चालव, मी हायवेला. मग बघू कोणाचा पाय जड आहे."

"सासऱ्यांनी दोन मुली वाटून दिल्या तेवढं पुरे," साडू म्हणाला. "आता रूट पण वाटायचा का?"

"तुझ्या मेहुणीला टेबलाचं माहितीये. ती पुन्हा तसलं सहन करायची नाही."

"मग येऊ दे आमच्याकडे. खोली आहेच."

करवतने हात उचलला नाही, तो फक्त साडूच्या गाडीच्या आरशात बघून केस सारखे करून निघून गेला. दुसऱ्या दिवसापासून दोन्ही बहिणींचं बोलणं बंद झालं, असं साडूनेच तक्रारीच्या सुरात सगळ्यांना सांगितलं.

तिसऱ्या महिन्यात करवत विलक्षण शांत होता. खिडकीशी यायचा, चावी घ्यायचा, जायचा. मुकादमबाईने भिंतीकडच्या जागेवर खरोखर एक स्टूल आणून ठेवलं, त्यालाही त्याने उत्तर दिलं नाही. मी त्याच्या बदलीचं पत्र तयार करून ठेवलं होतं, फक्त तारीख आणि मालकांची सही बाकी होती.

महिनाअखेर पंपावरची सह्यांची वही आणि चौघांची लॉगबुकं आली. मी भागाकार केला. साडू बारा पूर्णांक तीन. दोन नंबर अकरा. चार नंबर अकरा पूर्णांक एक. करवत अकरा पूर्णांक सहा.

मी पुन्हा भागाकार केला. मग भागाकार सोडून वरचा आकडा पाहिला. दर महिन्याला त्याची गाडी एक हजार चाळीसएक किलोमीटर फिरायची. या महिन्यात जवळपास अडीच हजार. आणि पेट्रोल? दुसऱ्या महिन्यात एकशे अठरा लिटर, आता दोनशे पंधरा.

गेटच्या पहारेकऱ्याला बोलावलं. तो म्हणाला, "पहाटे साडेपाचला गाडी काढतात ना ते. हवा भरायला."

"रोज?"

"रोज. मी म्हटलं, टायर जुने असतील."

करवत रोज पहाटे रिकामी गाडी हायवेला काढायचा आणि टॉप गिअरमध्ये, सायकलवाल्यानेही मागे टाकावं अशा चालीने, छप्पन किलोमीटर फिरवून सातला परत आणायचा. रिकामी गाडी, मोकळा रस्ता, लिटरला पंधरा. मग दिवसभर चढावरची खरी ड्युटी. मी किलोमीटर भागिले लिटर मागितले होते, लिटर कमी करा असं कुठेही लिहिलं नव्हतं. पेट्रोल वाचवायच्या माझ्या नियमाने सत्त्याण्णव लिटर पेट्रोल नुसतं जाळलं होतं, आणि नियमाप्रमाणे तो माणूस पास होता. सरासरी साडेअकरा, त्याचं अकरा पूर्णांक सहा.

खाली आले होते दोन आणि चार नंबरवाले. ते दोघं दुपारी एकत्र खिडकीशी आले, तीन महिन्यांत पहिल्यांदा एकत्र. दोन नंबरवाल्याने विचारलं, "साहेब, पहाटे गेट किती वाजता उघडतं?"

मालकांना सगळं सांगावं लागलं. ते आधी माझ्यावर बरसले, आणि ते बरोबरच होतं. मग म्हणाले, "नोटीस आजच काढा. पुढच्या महिन्यापासून फेरीला किती लिटर ते रूटप्रमाणे ठरवून द्या, हे तुम्हाला आधी सुचायला हवं होतं. आणि त्या करवतला टेबलावर पाठवा. कंपनीचं पेट्रोल घेऊन फिरायला जातो म्हणजे काय?"

"पाठवता येणार नाही," मी म्हटलं.

"का?"

"नियम तीन महिने खाली राहण्याचा आहे. तो खाली नाही. रिकामी गाडी फिरवू नये असा नियम नव्हता. माझी सही आहे त्यावर."

"काका, तुम्हाला तर तो डोळ्यांसमोर नको असतो."

"अजूनही नको आहे."

मालकांनी टेबलावर पेन आपटलं, पण पत्रावर सही केली नाही. मी ते पत्र फाडलं. माझ्या मनात त्या माणसाबद्दल कणव आली होती असं कोणी समजू नये. स्वतःच्या सहीचा कागद मी आजवर कधी फिरवला नव्हता, आणि त्याच्यापायी ती सुरुवात करायची नव्हती.

संध्याकाळी करवत चावी द्यायला आला. मी नियम रद्द झाल्याचं सांगितलं आणि पहाटेची फेरी उद्यापासून बंद, असंही. त्याने चावी दिली नाही.

"मी सुटलो हे कुठे लिहिलंय?"

"कळलं ना तोंडी? गाडी तुमच्याकडेच राहतेय."

"तोंडी तुमच्याकडून मला उपकार वाटतील. लेखी द्या. उद्या नवा नियम निघेल, त्यात जुने तीन महिने धराल. मी ओळखून आहे तुम्हाला."

"मालक तुम्हाला टेबलावर पाठवत होते. मी नाही म्हटलं."

हे मी बोलायला नको होतं. तो खिडकीवर दोन्ही कोपरं टेकवून माझ्याकडे बघत राहिला. "टेबल लिहिलं कोणी होतं?" त्याने विचारलं. "मालकांनी?"

मी ऑफिसचा कागद घेतला आणि लिहिलं की तीन नंबरच्या गाडीचे तिसऱ्या महिन्याचे अ‍ॅव्हरेज सरासरीइतके असून सदर चालकाकडेच गाडी ठेवण्यात येत आहे. सही केली, शिक्का मारला आणि खिडकीतून सरकवला.

त्याने तो उजेडात धरून सावकाश दोनदा वाचला.

"सरासरीइतके नाही," तो म्हणाला. "सरासरीपेक्षा जास्त. पॉइंट एक."

मी शब्द खोडला, वर दुरुस्ती लिहिली. त्याने कागदाला हात लावला नाही.

"खाडाखोडीशेजारी सही लागते, साहेब."

मी तिथेही सही केली.