होडीला लावलेली राख

निवृत्त झाल्यावर माणसं तीर्थाला जातात, मी होडी घेतली. चिंचोळी एमआयडीसीत तीस-बत्तीस वर्षं वेल्डिंग केलं, तेही पाळ्यांमध्ये. मी घरी यायचो तेव्हा बायको झोपलेली असायची, ती उठायची तेव्हा मी घोरत पडलेला. एका घरात राहून आमची भेट सणावारीच व्हायची. म्हणून मनाशी ठरवलं होतं, उजनी धरणाचं पाणी काठोकाठ असतं ते दिवाळीपासूनचे महिने, दर शनिवार-रविवारी दोघांनी होडीतून काठाकाठानं हिंडायचं. भाकरी बांधून न्यायची, पक्षी बघायचे, वाटेल त्या गावाला उतरायचं.

होडी माझ्या बहिणीच्या, धरणकाठच्या गावची. आमचे दाजी मासेमारी करतात. त्यांची जुनी पत्र्याची होडी बरीच वर्षं बाभळीखाली पालथी पडली होती. ती त्यांनी मला फुकट दिली आणि वर फक्त ‘बघा बुवा’ एवढंच म्हणाले.

बायकोनं पहिल्याच दिवशी मोडता घातला. ती सांगोल्याकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. तिच्या लहानपणी पाणी टँकरनं यायचं, तेही आलं तर. पोहणं सोडाच, कमरेएवढ्या पाण्यातही ती कधी उभी राहिलेली नाही. “तुमी खुशाल हिंडा. मी काठावर बसते की,” ती म्हणाली. नुसतं बसायचंच होतं तर शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरचा ओटा काय वाईट होता? तिच्याशिवाय त्या होडीला काही अर्थ नव्हता. पण हे सरळ सांगायचं सोडून मी तिच्यावरच डाफरलो.

मग रागारागात कामाला लागलो. गंज खरवडला, सडलेल्या जागी नवा पत्रा वेल्ड केला, आतून-बाहेरून निळ्या रंगाचे दोन हात दिले. होडी अशी देखणी दिसायला लागली की दाजीही दोनदा येऊन बघून गेले. रंग वाळल्यावर दाजींनी आणि मी ती पाण्यात लोटली, मी आत बसलो आणि थोड्याच वेळात माझे घोटे भिजले. होडी बाहेर काढली, संशय होता तिथं ठिगळ मारलं, पुन्हा लोटली, पुन्हा पाणी. असं तीनदा झालं. बायको काठावरून बघत होती. आयुष्यभर वेल्डिंग केलेल्या माणसाची होडी गळते, हे मलाच गिळवत नव्हतं. शेवटी दाजी म्हणाले, सगळ्या बुडाला डांबर फासून मोकळे व्हा. मीही वैतागून हो म्हणालो.

तेव्हा ती उठून आली. डांबराला हात लावू नका म्हणाली. होडी ओंडक्यांवर ठेवायला लावली, बहिणीकडून चुलीतली राख मागवली आणि कोरड्या बुडाला बाहेरून हातानं चोळून घेतली. मग आम्हा दोघांना बादल्या आणायला पिटाळलं. पाणी होडीच्या आत, वीतभर. गळकं भांडं पाण्यात बुडवून भोक सापडतं का, असं तिचं म्हणणं. टँकरचं पाणी ज्या बॅरलमध्ये भरायचं त्याला भोक पडलं की आठवड्याचे हाल व्हायचे, म्हणून तिच्या घरी पोरीबाळींनाही ही विद्या येत होती.

ती वाकून होडीखाली शिरली आणि तशीच बसून राहिली. बऱ्याच वेळानं राखेवर ओलीचा एक काळा ठिपका उमटला, मग दुसरा. माझ्या एकाही ठिगळापाशी नव्हे, मागच्या बाजूला, पत्र्याच्या जोडात. रंगाखाली सुईएवढी छिद्रं. “मी बोट ठिवते तितंच लावा. दुसरीकडं न्हाय,” ती म्हणाली.

कारखान्यात आम्ही जोडाला एका बाजूनं खडू आणि दुसऱ्या बाजूनं रॉकेल लावून हीच परीक्षा घ्यायचो. हजार टाक्या मी तशा तपासल्या असतील, आणि स्वतःच्या होडीला रंग फासून बसलो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. लाज वाटली, पण त्याहून जास्त अभिमान वाटला. होडीतलं पाणीसुद्धा तिनं ओतून दिलं नाही. बादलीबादलीनं उपसून बहिणीच्या मिरच्यांना घातलं.

जोड पक्का केल्यावर तिनं होडी एक दिवस रिकामीच पाण्यात बांधून ठेवायला लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी बुडावर आतून तळवा फिरवला. कोरडा. मग दाजींनी दिलेलं तरंगायचं जाकीट चढवलं, पदर खोचला आणि माझा खांदा धरून ती आत बसली. मी वल्हं हळूहळू मारत होतो. काठ मागं गेला तरी तिची नजर होडीच्या बुडावरच होती. बऱ्याच वेळानं तिनं मान वर करून चहूकडं पाहिलं. मला वाटलं, आता परत फिरा म्हणणार.

“आईला आणू या,” ती म्हणाली. “घागरीसाठी सारा जलम चालली ती. येवढं पानी तिनं बघितलंच न्हाय.”

सासूबाई ऐंशीच्या पुढच्या. त्यांना होडीत बसवायचं म्हणजे काय, या विचारानं मी वल्हं मारायचंच थांबवलं. मी म्हटलं, म्हातारीला घेऊन बुडालो म्हणजे?

“न्हाय बुडत,” ती म्हणाली. “मी सोता बघितलीया.”