हेड ऑफिस, तालुका माण

जगात हुकूम सोडणारी माणसं उदंड असतील, पण हुकूम ऐकावा तो आमच्या दाजींनीच, हे मी कुठल्याही चावडीवर छातीठोकपणे सांगायला तयार आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. माण तालुक्यातल्या एका कोरड्या ठणठणीत गावात, मेंढरं राखणाऱ्या घरात जन्मले, मिसरूड फुटलं न फुटलं तोच पलटणीत गेले आणि हवालदार होऊन पेन्शनीवर घरी आले. पलटणीनं त्यांना ताठ कणा दिला, टोकदार मिशा दिल्या, मोडकंतोडकं पण खणखणीत हिंदी दिलं आणि कुणीतरी सांगितल्याशिवाय काहीही न करण्याची सवय दिली. जेवणाचं ताट वाढून झालं तरी अक्का 'बसा' म्हणेपर्यंत ते पाटाशेजारी उभे राहात. साताऱ्याला माझ्याकडे मुक्कामाला आले की पहाटे थंडगार पाण्यानं दाढी करून, इस्त्रीची पँट चढवून ओट्यावर येऊन बसत आणि मी डोळे चोळत बाहेर आलो की विचारत, "पावणं, आज काय काम?" एका रविवारी मी चेष्टेनं म्हटलं, काही नाही, खिडक्या तपासा. मी विसरूनही गेलो. दुपारपर्यंत दाजींनी आमच्याच नव्हे, तर सगळ्या आळीतल्या खिडक्या तपासून त्यांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं होतं. शेजारच्या वकिलीणबाई पुढं कितीतरी दिवस मला विचारत होत्या की तुमचे मेव्हणे परत कधी येणार.

या माणसाचं दुसरं वेड म्हणजे थंडी. नोकरीची शेवटची वर्षं त्यांनी सिमल्यात काढली होती. पावसाचं नखही न दिसणाऱ्या मुलखातला हा माणूस बर्फाच्या असा काही प्रेमात पडला की परत आल्यावर त्यांना इथलं काहीच गार वाटेना. डिसेंबरात आम्ही कानटोप्या घालून शेकोटीभोवती गोळा व्हायचो, तेव्हा दाजी नुसत्या बनियनवर अंगणात उभे राहून म्हणायचे, "ह्याला थंडी म्हंत्यात व्हय? ह्यो तर पंखा लावल्यागत वारा हाय." त्यांच्या जुन्या साहेबांचा सिमल्याच्या बाजारात एक गाळा होता. निवृत्तीच्या वेळी साहेब म्हणाले होते, हवालदार, एखाद्या चांगल्या कंपनीची एजन्सी घेऊन ये, गाळा तुला देतो, पुढच्या दिवाळीपर्यंत वाट बघीन. साहेबांनी हे मायेनं म्हटलं असेल. दाजींनी तो हुकूम समजला. तेव्हापासून घरात दुसरा विषय नव्हता. अक्कानं एकदा मला परड्यात नेऊन हळूच सांगितलं की पेन्शन झाल्यापासून हा माणूस घरात आहे आणि नाहीही. सिमल्याला तर सिमल्याला, पण काहीतरी काम मिळून हसूदेत एकदा.

मग सुरू झाली एजन्सीची शोधमोहीम. ते दिवसच तसे होते. ज्याच्या त्याच्या अंगात टेरिलीनचा शर्ट, हातात ट्रान्झिस्टर आणि तोंडी कुठल्या ना कुठल्या कंपनीचं नाव. दाजींनी प्रथम सायकलची एजन्सी धरली आणि सोडली, कारण सिमल्याचे रस्ते आठवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की तिथं सायकल फक्त उतरायच्या कामाची, चढताना तीच माणसाच्या खांद्यावर बसणार. मग विजेचे पंखे. सिमल्यात पंखे, असं म्हणून मी हसलो, तर दाजी गंभीरपणे दुकानदाराला विचारून आले की उलटा फिरवला तर हा ऊन वारा टाकतो का. शेवटी त्यांचं मन बसलं सांगलीच्या एका केशतेलावर. मला रजा काढायला लावून ते सांगलीला घेऊन गेले. तेलाचे मालक मोठे गोड बोलणारे होते. त्यांनी चहा पाजला, बाटली हुंगायला दिली आणि म्हणाले, "हवालदारसाहेब, एकदा अनामत भरली की तुम्ही तिथले राजे. कसं विकायचं, काय बोलायचं, ते तुमचं तुम्ही बघा." दुसरा कुणी खूश झाला असता. दाजी बाहेर आले ते तोंड पाडून. "ह्यो कसला मालक, पावणं? म्हंतो तुमचं तुमी बघा. मग एजन्सी कशाला म्हणायचं?" दाजींना मालापेक्षा वरच्याची जास्त गरज आहे, हे मला त्या दिवशी सांगलीच्या एसटी स्टँडवर पहिल्यांदा समजलं.

तरीही तेलाची परीक्षा घ्यायची ठरली. परीक्षा पलटणीच्या पद्धतीची: माल जिथं जाणार तिथल्या हवेत तो टिकतो का ते पाहायचं. आता माणमध्ये भर वैशाखात सिमल्याची हवा आणायची कुठून? दाजींनी साताऱ्याच्या कारखान्यातून बर्फाची अख्खी लादी घेतली, भुशात आणि गोणपाटात गुंडाळली आणि एसटीत स्वतःशेजारी बसवली. कंडक्टरनं तिचं तिकीट मागितलं, तेही यांनी निमूटपणे काढलं. पुसेगावच्या पुढं गाडीभर पाणी झालं, तेव्हा लोकांनी पाय वर घेतले, पण कुणी तक्रार केली नाही. त्या उन्हात तेवढाच गारवा. गावात लादी उतरली तेव्हा ती निम्मी राहिली होती, आणि गाव मात्र दुप्पट गोळा झालं होतं. पोरं बर्फाला जीभ लावत होती, म्हातारे बोट लावून 'चावतंय की' म्हणत मागं सरत होते. दाजींनी सगळ्यांना हटवून तेलाची बाटली लादीवर ठेवली. थोड्याच वेळात आतलं खोबरेल तेल गोठून पांढरा दगड झालं. बाटली उलटी केली तरी थेंब पडेना. दाजी तिच्याकडं बघत उभे राहिले. दिवाळीला आता सहाच महिने उरले होते.

एवढ्यात त्यांची आई पुढं आली. चार मेंढरं अजून बाळगून होती आणि चालता-बोलता तिच्या हातातली लोकर कातायची टकळी कधी थांबायची नाही. तिनं बर्फावर तळवा टेकवला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग म्हणाली, "एवढ्या गारठ्यात माणसं ऱ्हात्यात? मग त्यास्नी त्याल कशाला देतोस? पांघरूण दे की." आणि बर्फ फुकट वितळतोय हे न बघवून तिनं खांद्यावरचं आपलं जुनं घोंगडं काढून त्या लादीवर टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी घोंगडं उचललं तर खाली विटेएवढा बर्फ शिल्लक! गावानं एकमुखानं निकाल दिला की जे बाहेरचं ऊन आत येऊ देत नाही, ते बाहेरचा गारठाही येऊ देणार नाही. पण दाजींचा चेहरा उजळेना. घोंगड्याला कंपनी नाही, मग एजन्सी कुणाची घ्यायची, हुकूम कुणाचा मानायचा, एवढीच त्यांची अडचण. त्यावर म्हातारी टकळी फिरवत म्हणाली, "मी हाय की. मी सांगंल तसं करायचं." दाजी ताडकन ताठ झाले. सलाम ठोकायचाच काय तो बाकी राहिला.

मग म्हातारीनं अटी सांगितल्या. कुठल्याही कंपनीनं घातल्या नसतील अशा. गावात कातलेलं सूत तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय मागावर चढायचं नाही. भाव एकच सांगायचा. आणि दुकानात कुणीही येवो, घेवो न घेवो, आपल्या घरच्यासारखं आधी घोंगडं अंथरून त्याला बसवायचं, मग बोलायचं. दिवाळीच्या आत दाजी गठ्ठे घेऊन सिमल्याला पोचले. दुकानावर पाटी लागली: माणदेशी घोंगडी, सिमल्याचे एकमेव एजंट, आणि खाली, हेड ऑफिस, तालुका माण, जिल्हा सातारा. साहेब म्हणे पाटी वाचून मोठ्यानं हसले, पण गाळा दिला.

पहिल्याच हिमवर्षावात घात झाला. नवं घोंगडं विणताना आमच्याकडं चिंचोक्याची खळ देतात, त्यानं ते कसं खडखडीत उभं राहतं. पण आमच्या मुलखात पावसाचं नाव नाही. नवं घोंगडं चिंब भिजल्यावर काय होतं हे कुणाच्या ध्यानात असणार? आणि परीक्षा दिली होती ती म्हातारीच्या जुन्या घोंगड्यानं, ज्याची खळ केव्हाच निघून गेली होती. सिमल्यात नव्या घोंगड्यांवर बर्फ पडला, वितळला आणि खळ सुटून ती चिकट, वास मारणारी झाली. गिऱ्हाइकं दुकानात येऊन ती टाकू लागली. दाजींनी दुकानाला कुलूप लावलं, इतक्या दिवसरात्रींचा प्रवास करून थेट आईसमोर येऊन उभे राहिले आणि झालेलं सगळं सांगितलं. मी नेमका तिथं होतो. वाटलं, म्हातारी खचणार. ती म्हणाली, "चूक माजी. एकूण एक परत घे, बिनखळीची दे. आन त्यास्नी सांग, हेड आफिस चुकलं." बाजूला अंथरलेल्या घोंगड्यावर हात ठेवून मग हळूच म्हणाली, "बस रं बाबा." तेव्हा कुठं दाजी बसले. आपली चूक अशी एका वाक्यात पदरात घेणारा वरिष्ठ मी माझ्या कचेरीत जन्मभरात पाहिला नाही. दाजींनी शब्दन्‌शब्द पाळला. प्रत्येक घोंगडं बदलून दिलं आणि प्रत्येकाला खणखणीत हिंदीत सांगितलं की हेड ऑफिस चुकलं. सिमल्याच्या बाजारात या दुकानाचं नाव झालं ते त्यानंतर.

दोन-तीन वर्षांनी म्हातारी गेली. दिवस होईपर्यंत दाजी गावात थांबले आणि अक्काला घेऊन परत गेले. त्या वर्षाच्या थंडीत मी सिमल्याला गेलो. अक्का दोन स्वेटर घालून शेगडीला चिकटून बसली होती. दाजी बनियनवर नव्हते एवढंच. पाटी तशीच होती. रंग मात्र ताजा दिला होता. इतक्या लांब, इतक्या उंचावर, आमचा उघडाबोडका माण तालुका हेड ऑफिस म्हणून मिरवत होता. मी म्हटलं, दाजी, आता ती ओळ तशीच ठेवायची का? ते म्हणाले, "हुकूम कुठं बदलून आलाय?"

मग त्यांनी आतून एक घोंगडं आणलं. आईनं कातलेल्या शेवटच्या सुताचं, विकायला न ठेवलेलं. ते माझ्यासाठी अंथरलं, कोपरे हातानं सारखे केले आणि मला बसवलं. स्वतः मात्र उभेच राहिले. अक्का आत चहा करत होती. बाहेर बर्फ भुरभुरत होता. दाजी दाराकडं बघत, हात सरळ धरून उभे होते, जणू कुणाच्या तरी शब्दाची वाट बघत. माणमध्ये म्हातारीपुढं ते असेच उभे होते, ती वेळ मला आठवली. आयुष्यात दाजींना मी कधी अरे-तुरे केलं नाही, ना कधी खराखुरा हुकूम केला. त्या दिवशी मात्र मी बाजूला सरकलो, घोंगड्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "बसा, दाजी."

ते बसले.