चुन्याची भिंत

स्टुटगार्टजवळच्या आमच्या गावातल्या जुन्या चर्चची किल्ली शेजारच्या आजोबांकडे असते. पाहुण्यांना चर्च दाखवायचं तर त्यांना गाठावंच लागतं, आणि मग सुटका नाही. मध्ययुगातल्या कमानी राहतात बाजूला. दुरुस्तीत सिमेंट खरवडून पुन्हा चुना कसा लावला, हेच पुराण. स्वतःच बोलायचं, स्वतःच 'गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर', म्हणून मान डोलवायची. कोणी जरा पुढे सरकलं की लगेच, "भिंतीला हात नको." माझं तर डोकं उठतं.

पुण्याहून आलेल्या सासूबाईंनी चर्चच्या दारातच चपला काढल्या, सरळ भिंतीला हात लावला आणि तो कपाळाला लावला. मी डोळेच मिटले. आजोबा काहीच बोलले नाहीत. हायसं वाटून मीही हात पुढे केला.

"तुम्ही नाही," ते म्हणाले.