लेबल वाचून रांधणारी सासू

होणाऱ्या सुनेला पहिल्याच जेवणात आजारी पाडायचा माझा अजिबात विचार नव्हता.

क्लेअर मॉन्ट्रियलची. आमचा निखिल तिला पहिल्यांदा घरी आणणार होता, तेव्हा फोनवर म्हणाला, "आई, तिला सिलिअ‍ॅक आहे. गव्हातल्या ग्लुटेनचा कण पोटात गेला तरी दोन-तीन दिवस आडवी होते. जस्ट रीड द लेबल्स, ओके?"

ओके म्हणजे काय! मी एम.ए. झालेली बाई. (विषय मराठी होता, पण वाचन ते वाचनच.) शिवाय आपलं जेवण भाताचं. पोळ्या केल्या नाहीत की मिटला प्रश्न! पोरीनं आमच्याकडे पोटभर जेवावं आणि धडधाकट परत जावं, एवढीच माझी इच्छा होती.

आमच्या स्कारबरोच्या देशी ग्रोसरीत मी आणि हे गेलो आणि माझं एम.ए. दारातच गळून पडलं. तांदळाच्या पिशवीवर ग्लुटेनबद्दल चकार शब्द नाही. पाण्याच्या बाटलीवर मात्र ठसठशीत 'ग्लुटेन-फ्री'! (बरं झालं सांगितलंत. आम्ही पाणी दळून आणणार होतो.) बेसनावर छापलं होतं, 'मे कंटेन व्हीट'.

"म्हणजे आहे की नाही?" मी विचारलं.

"असेलही, नसेलही," हे म्हणाले.

"हे लेबल आहे की राशिभविष्य?"

तेवढ्यात ह्यांनी विजयी मुद्रेनं बिस्किटांचा पुडा आणला. "बघ, व्हीट-फ्री!" मी तो उलटा केला. आत बार्ली माल्ट! म्हणजे गहू नाही, पण त्याचा चुलतभाऊ जव बिऱ्हाड करून बसलेला, आणि ग्लुटेन त्याच्यातही असतंच. मी ह्यांच्याकडे नुसतं पाहिलं. त्यानंतर दुकानभर ह्यांनी फक्त गाडी ढकलली.

घरी आल्यावर नवा कुकर काढला, नवी कढई काढली. पोळपाट-लाटणं बेसमेंटमध्ये हद्दपार. वरण-भात, बटाट्याची भाजी, भरली वांगी, कोशिंबीर, मठ्ठा असा सगळा बेत झाला.

क्लेअर आली, निखिलनं शिकवल्याप्रमाणे वाकून नमस्कार केला (जरा जास्तच वाकली), जेवायला बसली. घास उचलला आणि थांबून वास घेतला. "आंटी, धिस स्मेल इज अमेझिंग! व्हॉट इज इट?"

आता कोणती मराठी बाई गप्प बसेल? मी धावत जाऊन हिंगाची डबी आणली. जाऊबाईंनी पुण्याहून आणलेली, खास! क्लेअरनं कौतुकानं हुंगली आणि सवयीनं डबी फिरवून मागचं लेबल वाचलं. मग हातातला घास हळूच ताटात ठेवला.

"आय अ‍ॅम सो सॉरी. धिस हॅज व्हीट."

"हिंगात? गहू?" मी हसलेच. "काहीतरीच! हिंग म्हणजे झाडाचा चीक!"

ह्यांनी चष्मा चढवला. "गोंद... मैदा... आणि मग हिंग." जरा थांबून म्हणाले, "अगं, लग्न झाल्यापासून आपण मैद्याची फोडणी खातोय!"

दुकानातली एकेक पिशवी मी उलटीपालटी केली होती हो! पण घरातला हिंग कोणी वाचतं का?

"आई, यात हिंग नसलेलं काय आहे?" निखिलनं विचारलं.

वरणात हिंग. भाजीत हिंग. वांग्यांत हिंग. कोशिंबिरीला वरून फोडणी.

"निदान मठ्ठा?"

मी मान खाली घातली. पाहुणीला पचायला बरं म्हणून मठ्ठ्यात चिमूटभर जास्तच घातला होता.

"पाणी आहे की," हे म्हणाले. "ग्लुटेन-फ्री."

मला रडूच आलं. दोन दिवस राबले आणि पोरगी माझ्या दारी उपाशी! शेवटी निखिलनंच नवं ताट घेतलं, कुकरमधला भात वाढला, वर साधं दही आणि मीठ. क्लेअरनं तीनदा मागून घेतला. मी वाढत होते आणि डोळे पुसत होते.

निघताना तिनं मला मिठी मारली आणि त्या भाताची रेसिपी विचारली.

म्हटलं, "अगदी सोपी आहे गं. भात शिजवायचा, दही कालवायचं, आणि मला स्वयंपाकघराबाहेर ठेवायचं!"