मोमोची खोड

हुडकेश्वरच्या त्या फ्लॅटमध्ये काही पडल्याचा आवाज आला, की आधी हाक प्रेमिलाला पडायची. "आत्या, झाडू आण!" नाहीतर, "प्रेमिला, पाह्य वं काय फुटलं!" काय पडलं, कोणी पाडलं, हे सगळं नंतर.

प्रेमिला चोपन्न वर्षांची. उमरेडच्या विणकराच्या घरची. बाप मागावर बसायचा आणि ही सहाव्या वर्षापासून चरख्यापाशी सुताच्या कांड्या भरायची. भाऊ शालिकराम शिकला, नागपूरला नोकरीला लागला. धाकट्या बहिणी उजवल्या. आईचं अंग लुळं पडलं तेव्हा तिच्याजवळ राहायला एकटी प्रेमिलाच मोकळी होती. आईची अकरा वर्षं काढता काढता हिच्या लग्नाची गोष्ट काढणारं कोणी उरलं नाही. आई गेल्यावर शालिकराम आला नि म्हणाला, "एकटी कायले राहतं आता? चाल माह्याकडं." त्याच्या म्हणण्यात खोट नव्हती. पण त्याच महिन्यात वहिनीने, भारतीने, धुण्याभांड्याची बाई सोडून दिली होती, हे प्रेमिलाला इथं पोचल्यावर कळलं.

मांजर आणलं भूमिकानं, शालिकरामच्या मुलीनं. ती कंपनीचं काम घरून करायची, तेव्हा कोणा मैत्रिणीकडून तिने मुठीएवढं भुरकट पिल्लू आणलं आणि त्याचं नाव मोमो ठेवलं. मोमो दिवसभर तिच्या मांडीवर असायची. मग कंपनीने सगळ्यांना परत बोलावलं. भूमिका सकाळी नऊला निघायची ते संध्याकाळी सातला यायची. शालिकराम ऑफिसात, भारती महिला मंडळात. घरात उरल्या दोघीच, प्रेमिला आणि मोमो.

तेव्हापासून मोमोच्या खोड्या सुरू झाल्या. ओट्यावर चढायची, स्टीलचा पेला पंजाने एकेक बोट पुढे सरकवायची, काठाशी नेऊन थांबायची, वळून बघायची, आणि मग ढकलून द्यायची. शालिकरामने पेपर उघडला की नेमकी पेपरावर येऊन बसायची. भारती जवळून गेली की तिच्या घोट्याला दात लावायची. कोणी बाथरूमचं दार लावलं की बाहेर बसून असं रडायची, की शेजारच्या इंदूबाईंनी एकदा विचारलंही, "लेकरू आलं हाय का तुमच्याकडं?"

घरात यावर तीन मतं होती. भारतीचं मत, मांजर खुनशी आहे. शालिकरामचं मत, मांजरांची जातच तशी. आणि भूमिकाला तर ते सोनंच सापडलं होतं. मोमोने पेला पाडला की ती मोबाइल धरून हसत सुटायची, "पुन्हा कर नं मोमो, पुन्हा!" ते व्हिडिओ ती टाकायची. हजारो लोक बघायचे, मोमोला राणी म्हणायचे. खाली सांडलेलं पाणी पुसणारा हात कधीमधी त्या व्हिडिओत दिसायचा. तो प्रेमिलाचा.

प्रेमिलाचं मत कोणी विचारलं नव्हतं.

मग एका रविवारी मोमोने आंब्याच्या लोणच्याची बरणी पाडली. वर्षाचं लोणचं, काचेच्या तुकड्यांसकट, सगळ्या स्वयंपाकघरात. भारतीने कपाळावर हात मारला. "बस झालं. नेऊन सोड हिले कुठंतरी. एक तर हे मांजर राहीन या घरात, नाहीतर मी."

भूमिका रडली, रुसली, जेवली नाही. शेवटी ठरलं, जनावरांच्या डॉक्टरला एकदा दाखवायचं. पण भूमिकाची मीटिंग निघाली. मोमोला टोपलीत घालून, वरून ओढणी बांधून, ऑटोने सक्करदऱ्याला गेली ती प्रेमिला.

डॉक्टर म्हणजे तिशीतली एक मुलगी, काजल नावाची. तिने मोमोचे दात पाहिले, पोट दाबून पाहिलं, रक्त घेतलं. "तब्येत ठणठणीत आहे," ती म्हणाली. "आता मला सांगा मावशी, पेला पाडल्यावर पुढे काय होतं?"

"काय होणार? सगळे धावतात. वहिनी ओरडते, पोट्टी हसते, भाऊ शिव्या देते."

"आणि ती गुमान बसून असली, तर?"

प्रेमिलाने मोमोच्या पाठीवरून हात फिरवला. "तर कोणीच नाही पाहत तिच्याकडं."

"दिवसातून कधी जास्त करते?"

मग प्रेमिला सांगत गेली. सकाळी सगळे निघायच्या धांदलीत आणि संध्याकाळी सगळे आल्यावर. दुपारी दोघीच असताना पेला ओट्यावर पडून असला तरी हात लावत नाही. भारतीचा घोटा धरते, पण दात रुतवत नाही. पाडायच्या आधी कोणी बघतंय का ते पाहते. आणि एक गोष्ट राहून राहून वाटते, असं म्हणून तिने तीही सांगून टाकली. "आमच्या उमरेडच्या घरी मांजर होती. उंदीर सुताचा ताणा कुरतडत, म्हणून ठेवली होती. तिले दिवसभर काम राहे. ती कधी अशी करे नाही. हिले कामच नाही काही."

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "मावशी, माझ्याकडे येणारे लोक मांजर वाईट आहे एवढंच सांगतात. तुमच्यासारखं बघितलेलं कोणी नसतं."

एवढं साधं वाक्य. पण परतताना ऑटोत प्रेमिलाने ते मनात तीनदा म्हणून पाहिलं.

डॉक्टरने सांगितलेली रीत सोपी होती. पाडलं तर बघायचं नाही, बोलायचं नाही, हसायचंही नाही. शांत बसली की जवळ जायचं, हात फिरवायचा. जेवायच्या आधी दहा मिनिटं तिला शिकारीसारखं खेळवायचं. खाणं वाटीत आयतं न देता शोधायला लावायचं. काचेचं सगळं कपाटात. आणि बजावून सांगितलं होतं, "सुरुवातीला खोड्या वाढतील. घाबरू नका. तेव्हाच कोणी ओरडलं, तर सगळं मुसळ केरात."

प्रेमिलाने जुन्या ट्रंकेतून कांडी काढली, तिला दोरा नि चिंध्यांचं शेपूट बांधलं आणि फरशीवरून ओढू लागली. मोमो आधी नुसती बघत राहिली. मग ढुंगण हलवलं आणि झेपावली. खोक्याला भोकं पाडून त्यात दाणे टाकले, ते मोमो पंजाने काढून खाऊ लागली. अर्धा तास त्यात जायचा.

माणसांना वळण लावणं अवघड होतं. दुसऱ्याच संध्याकाळी मोमोने लागोपाठ सात भांडी पाडली. शालिकराम उठून उभा राहिला. "अवं, हे काय करून राहिली हे? हाकल नं तिले!"

"भाऊ, पाहू नको फक्त. पेपर वाच."

"घर डोक्यावर घेतलं तिनं, अन् मी पेपर वाचू?"

"आठ दिवस. मी काही मागितलं का आजवर? आठ दिवस पाहू नको."

शालिकरामने बहिणीकडे जरा नवलाने पाहिलं आणि पेपर वर धरला. भारतीनेही तोंड फिरवलं, पण ते रागाने. भूमिका तर त्या आठवड्यात घरी झोपण्यापुरतीच होती.

आठ नाही, चांगले चाळीस दिवस लागले. पण एक सकाळ अशी उजाडली, की घरातून तिघं निघून गेली आणि एकही भांडं पडलं नाही. मोमो खिडकीत बसून खालच्या कबुतरांकडे बघत होती. बाथरूमपाशीचं रडणं थांबलं. संध्याकाळी भारती सोफ्यावर बसली असताना मोमो तिच्या पायाशी येऊन नुसती पसरली. भारतीने पाय मागे घेतला नाही. "सुधरली वं ही," एवढं ती म्हणाली. कोणी सुधरवली, ते बोलली नाही. प्रेमिलाला त्याची अपेक्षाही नव्हती. ती आपली कणीक मळत होती आणि मनातून खूश होती. चोपन्न वर्षांत तिने हाती घेतलेलं आणि तिच्याच रीतीने तडीस गेलेलं हे पहिलं काम होतं.

मोमो शहाणी झाली, आणि महिनाभरात घराला तिचा विसर पडला. डोळे मिटून पडलेल्या मांजराचे दोन-तीन व्हिडिओ भूमिकाने टाकून पाहिले. ते कोणी बघेना. ज्यांना पेला पडलेला बघायची सवय होती, ते विचारू लागले, राणी आजारी आहे का?

एका संध्याकाळी प्रेमिला गच्चीवरून कपडे घेऊन आली, तर भूमिका ओट्यापाशी मोबाइल लावून उभी. ओट्याच्या अगदी काठावर पेला. "मोमो, कर नं. पाड नं बेटा." मोमो तिच्याकडे बघत होती, पेल्याकडे बघत होती. भूमिकाने स्वतःच बोटाने पेला ढकलला आणि टाळ्या पिटून हसली. दुसरा ठेवला. मोमोने पंजा उचलला. पेला खणकन पडला, आणि भूमिकाने तिला उचलून मुके घेतले.

"भूमिका, नको करू असं," प्रेमिला म्हणाली. "चाळीस दिवस लागले तिले सोडायले."

"आत्या, मजाक आहे गं. तू तर हिला बोरिंग करून टाकलंस."

"तिले मजाक नाही समजत. तिले एवढंच समजते, की पाडलं का तू येतं."

भारती दारातून बोलली, "प्रेमिला, तू मधात नको पडू. मांजर तिचं हाय."

प्रेमिलाने कपड्यांची चळत पलंगावर ठेवली आणि एकेक घडी घालू लागली. तिला खूप बोलायचं होतं. उमरेडपासूनचं बोलायचं होतं. पण या घरात तिच्या आवाजाची कोणाला सवय नव्हती, आणि तिलाही.

पुढचं व्हायचं तेच झालं. मोमो पुन्हा पाडू लागली, आणि पहिल्यापेक्षा जोराने. आता तिला काठावरचं पुरेना, ती रॅकवर चढू लागली. एका सकाळी, कपाटातून परत वरच्या फळीवर आलेला काचेचा जड वाडगा तिने ढकलला. तो भारतीच्या पायापाशी फुटला. घोट्याजवळ चार टाके पडले.

त्यानंतर कोणी डॉक्टरचं नाव काढलं नाही. भूमिकाही नाही. "आई, मला नव्हतं गं माहीत ती असं करेल," असं म्हणून ती आईच्या पायाला मलम लावत बसली. प्रेमिला म्हणाली, "त्या मांजराची चूक नाही वहिनी. तिले परत शिकवलं कोणी, ते विचार." भारतीने तिच्याकडे असं पाहिलं, की प्रेमिला उठून पोळ्या लाटायला आत गेली.

भारतीचा मामेभाऊ चंदन कामठीला राहायचा. त्याच्या घराला लागून पॉवरलूमची शेड होती. तो मंगळवारी आला. त्या दिवशी भारतीने प्रेमिलाला रेशनच्या रांगेत पाठवलं होतं. ती पिशवी घेऊन परतली, तेव्हा टोपली जागेवर नव्हती, आणि मोमोही.

"तथी चंदनकडं उंदीर लय हायेत," शालिकराम तिच्या नजरेला नजर न देता म्हणाला. "तूच म्हणे नं, तिले काम पाहिजे म्हणून."

आपलंच वाक्य असं परत येईल, हे प्रेमिलाला वाटलं नव्हतं. तिने पिशवीतले तांदूळ डब्यात ओतले.

सहा दिवसांनी, कोणाला न सांगता, ती बसने आणि पुढे शेअर ऑटोने कामठीला गेली. चंदनची बायको वच्छला शेडच्या दारात भेटली. आत मागांचा इतका खडखडाट होता, की दोघींना ओरडून बोलावं लागत होतं.

"मांजर? ते कुठं राह्यलं, बाई! पहिल्याच दिवशी चहाचे कप पाडले. मी दिली एक काठीनं. मंग मोटारीच्या मागं जाऊन बसलं, दोन दिवस बाहेर नाही आलं. एवढा आवाज, त्याले सहन नाही झाला. शुक्रवारी सकाळी पाहतो, तर नाही."

"शोधलं नाही?"

"मांजर काय शोधाचं असते? येते अन् जाते."

प्रेमिला दुपारभर त्या गल्ल्यांतून फिरली. प्रत्येक शेडच्या मागे, नाल्याच्या कडेने, "मोमो, मोमो" करत. लोक बघत होते. चिकाटीने दोन तास शोधलं, तेव्हा भुरकट रंगाची एक मांजर दिसली, ती दुसरीच निघाली. पाय भरून आले तशी ती ऑटोत बसली. ज्या मांजराला तिने माणसांवर विसंबायला शिकवलं होतं, शांत बसलीस तरी कोणी येईल असा शब्द दिला होता, ते कुठे असेल हा विचार तिला परतीच्या बसमध्येही सोडेना.

घरी आली तर साडेसहा वाजले होते. "कुठं गेली होती वं?" भारती पाय उशीवर ठेवून बसल्या जागेवरून म्हणाली. "पोळ्या कोण करन?"

मोमो हरवल्याचं तिने सांगितलं. शालिकरामने च् च् केलं. भूमिका मात्र ढसाढसा रडली. ते रडणं खोटं नव्हतं, हे प्रेमिलाला दिसत होतं, आणि म्हणूनच तिला जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी भूमिकाने सगळे जुने व्हिडिओ जोडून एक नवीन केला. मागे उदास वाद्यं. मोमोची वाटी घेऊन ती प्रेमिलाजवळ आली. "आत्या, तू ही घेऊन बस नं खिडकीत. थोडंसं फक्त. तू तिचं किती केलंस, लोकांना दिसू दे."

"मले नाही जमत."

"रडायचं नाही आहे, नुसतं बाहेर बघायचं."

"नाही म्हटलं नं."

इतक्या करड्या आवाजात प्रेमिला त्या घरात कधी बोलली नव्हती. भूमिकाने खांदे उडवले आणि स्वतःच खिडकीत बसली.

तो व्हिडिओ आधीच्या सगळ्यांपेक्षा जास्त चालला. रविवारी शालिकरामने चहा घेता घेता तो दोनदा पाहिला, चष्मा काढून डोळे पुसले आणि भारतीला म्हणाला, "काही म्हण, पोरीचा जीव होता मांजरावर."

प्रेमिला कपबशा उचलून आत गेली आणि नळ मोठा सोडला.