पानी तुमचं, पुडी माही

औषधाची पुडी उंबऱ्यावर ठेवली की तो मागे सरायचा, दोन्ही हात पाठीशी बांधायचा आणि हसून म्हणायचा, "पानी तुमचं, पुडी माही."

समुद्र ओलांडून आलेल्या माणसाच्या हातचे पाणी अमरावतीत कोणी घेत नसे. कोरड्याला मात्र विटाळ नव्हता. म्हणून आमच्या या शेजाऱ्याने आपली सारी औषधे कोरडी करून टाकली होती. तापाने फणफणलेल्या कितीतरी घरांनी त्याचे कोयनेल स्वतःच्या पाण्यात कालवून घेतले. तुमच्यापैकी जुन्या लोकांना ते पाठीशी बांधलेले हात आठवत असतील.

अमेरिकेत लढाई पेटली, वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा चांदूर बाजारकडच्या शेतकरी घरातला हा मुलगा मुंबईत इंग्रजी शिकत होता. तिथूनच तो डॉक्टरी शिकायला विलायतेला गेला. लढाई संपली, भाव कोसळला, आणि तो शिक्षण अर्धे टाकून परत आला. जातीच्या पंचांची अट छोटी होती. प्रायश्चित्त घे, 'गेलो ही चूक झाली' एवढे म्हण आणि आईच्या घरी जेवायला बैस.

तो म्हणाला, "अर्धं राह्यलं त्याचं वाईट वाटते. गेलो त्याचं काहून वाटावं?"

तेवढ्यावरून तो माझ्या शेजारच्या खोलीत एकटा राहिला.

संध्याकाळी मधे अंगण ठेवून आम्ही बोलत बसायचो. "पहिले दोन महिने मले मास्तरचा खोकलाच समजे," तो सांगायचा. "बाकी सारं इंग्रजी." मुडदा चिरायच्या पहिल्या दिवशी तो चक्कर येऊन पडला. पोट्टे हसले. दुसऱ्या दिवशी हा सगळ्यांच्या पुढे उभा. मग एकदा माणसाचे काळीज त्याच्या तळहातावर ठेवले गेले.

मी कापसाच्या बाजारात तोलाचे काम करणारा. विचारले, "वजन किती?"

"पावशेराहून जरा जास्त असन, भाऊ. त्यातच सारं."

दुसऱ्या दिवशी बाजार उघडल्यावर मी पावशेराचे वजन तळहातावर घेतले आणि गाडीवाले हाका मारीपर्यंत तसाच उभा राहिलो.

पण मला सर्वांत मोठी वाटली ती त्याच्या विलायतेतल्या घरमालकिणीची गोष्ट. ती गिरणीत माग चालवायची. अमेरिकेचा कापूस येईना, गिरणी बंद पडली. "आपला कापूस महाग झाला म्हून माही फी भरल्या जाय, अन् त्याच टंचाईपायी तिची चूल बंद. तरी सकाळी माह्यासाठी दूध ठेवे." लढाई संपून गिरणी सुरू झाली त्या दिवशी ती नाचत घरी आली. त्याच दिवशी याला बापाचे पत्र मिळाले, आता पैसा पाठवता येत नाही.

"मंग?" मी विचारले.

"मंग काय! तिच्यासंगं मी बी नाचलो. कोनाच्या घरी चूल पेटली तं तोंड पाडून बसावं का?"



पुढे मुंबईहून बोलावणे आले. विलायतेच्या जहाजावर आजाऱ्यांची देखभाल करायची, त्या बदल्यात प्रवास फुकट. तिकडे पोचला तर उरलेले शिक्षण पुरे करता आले असते. संध्याकाळी अंगणात बसून तो म्हणाला,

"आता गेलो तं मायचं घर कायमचं गेलं, भाऊ."

"मंग नको जाऊ."

"अन् राह्यलो तं त्या घरासाठी चुकलो म्हनावं लागन."

शेवटी तो गेला. तिकडेच एका बंदरावर डॉक्टर झाला असे ऐकतो. परत काही आला नाही. माझ्या डोळ्यांपुढे आहे ती जायची सकाळ.

गाडी जुंपली होती. ओट्याओट्यांवर शेजारी उभे होते. तेवढ्यात चांदूरकडून दुसरी गाडी आली आणि त्याची आई खाली उतरली. हातात झाकलेली वाटी. तिला पाहताच त्याचे हात पाठीमागे गेले.

"माय, दुरूनच..."

"काहून? हात तिकडंच इसरून आला का? समोर कर."

त्याने हात पुढे केला. तिने त्याच्या तळहातावर दही ठेवले, बोटांनी नीट दाबून. त्याने ते खाल्ले. तिची बोटे दह्याने आणि त्याच्या स्पर्शाने भरलेली होती. माझी बायको पाण्याचा तांब्या घेऊन तिचे हात धुवायला पुढे झाली.

म्हातारीने तांब्याकडे पाहिलेही नाही. सगळ्यांदेखत तिने ती बोटे स्वतःच्या तोंडात घातली, एकेक करून चाटली.

"जाय," ती म्हणाली. "अर्धं नको ठेवू."