सर्व्हरच्या वाटचं पाणी

बोंब मारणारं यंत्र मला चालतं. बिघडलं की लाल अक्षरांत कळवतं, कुठं दुखतंय ते सांगतं, आपण दुरुस्त करतो. जामखेडच्या आमच्या कॉलेजातला सर्व्हर मात्र घुम्या होता. मरायचा, पण तोंडातून अक्षर काढायचा नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. पुण्यातली नोकरी सोडून मी गावाकडे आलो होतो आणि कॉलेजच्या प्रवेशांसाठी एक वेब ॲप्लिकेशन बनवलं होतं. गावात इंटरनेटची बोंब होती, पण ऑफिसातले कॉम्प्युटर त्या एका सर्व्हरला जोडलेले. खिडकीवरचा क्लार्क ब्राउझरमध्ये अर्ज भरणार आणि पोराचा नंबर लागतो की नाही, ते बापाला तिथल्या तिथं कळणार. पुन्हा एसटीनं हेलपाटा नको. प्राचार्यांना कल्पना आवडली, पण त्यांनी बजावलं, "प्रवेशाच्या आठवड्यात हे बंद पडलं, तर सर, तुम्ही आणि हे खोकं, दोघंही पुण्याला परत." पुण्याच्या साहेबाशी मी कडाकडा भांडून आलो होतो. आता कुठल्या तोंडानं परत जाणार?

उन्हाळा तापला आणि सर्व्हरनं असहकार पुकारला. चालता चालता पडद्यावरचं सगळं गोठायचं. यंत्र स्वतःच्या कामाच्या नोंदी ठेवतं, त्या उघडाव्यात तर शेवटपर्यंत क्षेमकुशल. मी प्रोग्राम ओळ न् ओळ तपासला. मेमरी बदलली, केबली बदलल्या, सगळं पुसून नव्यानं चढवलं. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "रीस्टार्ट करून बघा." अरे, दुसरं काय करतोय मी दिवसभर! क्लार्क म्हणाला, "सर, नारळ फोडा." तोही फोडला. खोबरं वाटून होईस्तोवर सर्व्हर पुन्हा गेला.

अशा वेळी मी तरातरा व्हरांड्यात जायचो, माठातलं गार पाणी घटाघटा प्यायचो आणि मावशींवर खेकसायचो. मावशी म्हणजे कॉलेजातल्या सेविका. त्यांचा गुन्हा एवढाच की समोर त्या असायच्या.

प्रवेशाच्या आदल्या आठवड्यात सर्व्हरच्या पत्र्याला माझं कोपर लागलं आणि दंडापर्यंत झिणझिण्या आल्या. वायरमन बोलावला. त्यानं मीटर लावून निकाल दिला, "सायेब, तुमचं अर्थिंगच मेलंय. जास्तीची वीज मशीनमध्येच घुटमळतीय, म्हणून ते गोठतंय." आवारात अर्थिंगचा खड्डा होता. तारेतून येणारी जास्तीची वीज जमिनीत मुरावी म्हणून त्यात मीठ आणि कोळसा भरलेला. तो ओला राहावा लागतो, म्हणून तिथं रोज एक बादली पाणी ओतायचं काम मावशींना दिलेलं होतं. झाकण उचललं तर आत तव्यासारखं कोरडं.

"मावशी, इथं रोज पाणी घालता ना?"

"न्हाई."

"न्हाई? अहो, मी इथं वेडा व्हायची वेळ आली!"

"सर, टँकर कवा येतो, कवा येत न्हाई. माणसाला प्यायला न्हाई आन् मी खड्ड्याला पाजू व्हय? लई पाप लागंल."

"मग ती बादली जात कुठं होती?"

मावशींनी व्हरांड्याकडे हात केला. "माठात. सगळ्यात जास्ती तर तुमीच पेता."

मी तरातरा माठापर्यंत गेलो आणि पेला न उचलताच परत आलो. शेवटी वाटणी ठरली. अर्धी बादली खड्ड्याला, अर्धी माठाला. त्या दिवसापासून सर्व्हर गुमान चालू लागला.

प्रवेश सुरू झाले आणि व्हरांडा माणसांनी भरून गेला. उन्हातून आलेले बाप, घामेजलेली पोरं, लेकरं काखेत घेतलेल्या आया. दुपारच्या आतच माठानं तळ गाठला. मावशी खड्ड्याच्या वाटची अर्धी बादली घेऊन माझ्यापुढं उभ्या राहिल्या. "बोला सर. मशीनला का माणसाला?"

आत प्राचार्य पडद्यावर डोळे लावून बसले होते. माझी नोकरी त्या बादलीत होती. व्हरांड्यात एक पोरगं रिकामा पेला उलटा करून चाटत होतं.

"माठात ओता!" मी ओरडलो. मावशींनी बादली माठात उपडी केली. तेवढ्यात आलेल्या एका पाव्हण्यानं त्याच पाण्यानं चूळ भरली आणि व्हरांड्याच्या कडेला पचकन टाकली. आमच्याकडे उन्हातून आलेला माणूस आधी चूळ भरतो, मग पाणी पितो. मी पुन्हा ओरडलो, "आणि चूळ खड्ड्यावर! सगळ्यांनी! हात धुवायचे तेही तिथंच!"

मावशींनी माणसं दंडाला धरून खड्ड्यावर नेली. "हितं टाका. हितं टाकल्याबिगर नंबर लागत न्हाई."

आठवडाभर सर्व्हर एकदाही बंद पडला नाही. शेवटच्या दिवशी संस्थेचे अध्यक्ष आले. प्राचार्यांनी सर्व्हरच्या पत्र्यावर हात ठेवला आणि छाती फुगवून म्हणाले, "साहेब, ही खास पुण्याची टेक्नॉलॉजी."

मी खिडकीबाहेर पाहिलं. मुंडासं सांभाळत एक म्हातारबाबा दोन्ही गाल फुगवून खड्ड्याकडे निघाले होते.